रक्तदाब अचानक भडकतो तेव्हा: औषधांच्या अंगाने कारण कसे शोधावे

रक्तदाबाच्या यंत्रावर वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेलेला दिसला की घरातली हवाच बदलते. कोणी रात्रीची गोळी आत्ताच घ्यायला सांगतो, कोणी एकाऐवजी दोन घ्यायला सांगतो, आणि दर दोन मिनिटांनी पट्टा पुन्हा दंडाला बांधून आकडा पाहिला जातो, जो भीतीपोटी थोडा आणखी चढलेला असतो. या गडबडीत दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. या आकड्याबरोबर शरीरात दुसरे काही बिघडल्याचे लक्षण दिसते आहे का, हा पहिला; आणि गेल्या काही दिवसांत कोणते औषध बंद झाले, नव्याने सुरू झाले किंवा बदलले, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून रुग्णालय या क्षणी गाठायचे की नाही हे ठरते, तर दुसऱ्याच्या उत्तरात अनेकदा दाब भडकण्याचे कारणच हाती लागते.

आणीबाणी कशाला म्हणावे

१८०/१२० मिलिमीटर पारा ही डॉक्टरांनी सोयीसाठी मानलेली सीमा आहे. ती ओलांडल्याबरोबर काही अघटित घडतेच असे नाही. खरी आणीबाणी तेव्हा मानली जाते, जेव्हा त्या दाबामुळे मेंदू, हृदय, महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी), मूत्रपिंडे किंवा डोळ्याचा पडदा यांना त्याच वेळी इजा होत असते. छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे वाटणे, आडवे झाल्यावर वाढणारी धाप, पाठीत अचानक उठलेली, आतून फाटल्यासारखी वेदना, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, हातापायातली ताकद जाणे, बोलताना जीभ अडखळणे, एकाएकी अंधूक दिसू लागणे, भ्रमिष्टासारखे वागणे किंवा झटके येणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर आकडा १८२ आहे की २३० याला महत्त्व उरत नाही. रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये आणि पुन्हा पुन्हा दाब मोजण्यात वेळ घालवू नये. आकडा १८० च्या खाली असला तरी ही लक्षणे तितकीच गंभीर असतात, हेही ध्यानात ठेवावे.

नुसती डोकेदुखी किंवा नाकाचा घोळणा फुटणे यांवरून मात्र अवयवांना इजा होत आहे असे सिद्ध होत नाही. डोकेदुखीने माणूस घाबरतो, दाब आणखी चढतो आणि मग कोणामुळे कोण झाले हे सांगणे अवघड होते. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली किंवा तिच्याबरोबर उलट्या आणि गुंगी असेल, तर ती गोष्ट निराळी. तिथे थांबू नये.

लक्षणे काहीच नसतील, तर घाई करण्याने फायद्यापेक्षा नुकसान होण्याची शक्यता अधिक असते, आणि हे अनेकांना पटत नाही. वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाखाली राहिलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावलेल्या असतात. तो दाब एकदम खाली ओढला, तर आकडा कागदावर ‘नॉर्मल’ दिसतो, पण मेंदूला, हृदयाला आणि मूत्रपिंडांना पुरेसे रक्त पोहोचत नाही. म्हणूनच खऱ्या आणीबाणीतही अतिदक्षता विभागात पहिल्या तासात सरासरी दाब साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक उतरवत नाहीत आणि पुढची उतरण २४ ते ४८ तासांवर पसरवतात. महारोहिणीचे अस्तर फाटणे यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि ते शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांनी, मॉनिटरवर नजर ठेवूनच हाताळले जातात. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून तिच्यातला द्रव जिभेखाली सोडण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. तिच्यामुळे दाब कोसळून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी साचत गेल्या, आणि १९९६ साली ती थांबवावी अशी मागणी वैद्यकीय नियतकालिकातून जाहीरपणे झाली. तरीही घरगुती सल्ल्यांत ती अधूनमधून डोके वर काढते. ती करू नये.

आपल्या मनाने जादा गोळी घेण्यातही असाच धोका आहे. अ‍ॅम्लोडिपिन हे फार मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे औषध रक्तात आपली कमाल पातळी गाठायला ६ ते १२ तास घेते. म्हणजे रात्री नऊला घाबरून घेतलेल्या जादा गोळीचा त्या रात्रीच्या आकड्याला फारसा उपयोग होत नाही. तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी, माणूस शांत झालेला आणि दाब आपोआप उतरलेला असताना जाणवतो.

आकड्याची खातरजमा

लक्षणे नसताना पहिले काम म्हणजे तो आकडा खरा आहे की नाही हे पाहणे. लघवी करून यावे, खुर्चीत पाठ टेकून आणि दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला टेकवावा आणि पट्टा कपड्यावरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा. चहा, कॉफी, धूम्रपान किंवा व्यायाम यांनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत.

यातली सर्वांत दुर्लक्षित बाब पट्ट्याच्या मापाची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो अशांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला असता वरचा आकडा सरासरी सुमारे २० ने जास्त आला. थोडक्यात, जाड दंडाच्या माणसाचा १६२ चा दाब केवळ पट्ट्यामुळे १८२ दिसू शकतो आणि मग त्यावर औषध वाढवले जाते. दंडाचा घेर एकदा टेपने मोजून तो पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसतो का, हे पाहायला मिनिटभर पुरते. यंत्र बदलण्याआधी एवढे अवश्य करावे.

नीट मोजूनही आकडा १८०/१२० च्या वरच राहिला आणि लक्षणे नसली, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. तोवर औषधांचा मागोवा घ्यायला बसावे.

काय बंद झाले

दाब भडकण्याचे नेहमी आढळणारे कारण म्हणजे चालू असलेली गोळी सुटणे. ती सुटण्याची कारणेही ठरावीक असतात: पाकीट संपले, प्रवासात डबी घरी राहिली, उलट्यांमुळे औषध पोटात टिकले नाही, शस्त्रक्रियेआधीच्या उपाशी पोटाच्या सूचनेत गोळीही गळली, किंवा वारंवार लघवीला जावे लागते म्हणून बाहेर जाण्याच्या दिवशी ती मुद्दामच टाळली. आणि सर्वांत घातक कारण म्हणजे ‘बीपी आता नॉर्मल आले आहे, मग गोळी कशाला?’ हा विचार. दाब नॉर्मल आला आहे तो गोळीमुळे, हे सांगूनही विसरले जाते.

सगळ्या गोळ्या सुटण्याचा परिणाम सारखा नसतो. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे एक डोस चुकला तर दाब हळूहळू आणि थोडाच सरकतो. क्लोनिडिनचे तसे नाही. हे औषध मेंदूतून रक्तवाहिन्यांकडे जाणारे आवळण्याचे संदेश दाबून ठेवते. ते एकाएकी थांबले की दाबलेली यंत्रणा दुप्पट जोराने उसळते आणि साधारण एक ते दीड दिवसात रक्तदाब मूळच्याही वर जाऊ शकतो. सोबत धडधड, घाम, हाताला कंप, बेचैनी आणि झोप उडणे ही लक्षणे येतात, जी पाहून घरच्यांना माणूस केवळ घाबरला आहे असे वाटते. मात्रा जितकी मोठी आणि औषध जितके दिवस चाललेले, तितकी ही उसळी जोरदार असते. अतिरक्तदाबासाठी क्लोनिडिन घेणाऱ्याने ‘लागेल तेव्हा गोळी’ ही सवय लावून घेणे म्हणूनच मला विशेष धोक्याचे वाटते, कारण प्रत्येक गोळी उतरताना पुढच्या उसळीची सोय करून जाते.

क्लोनिडिनसोबत बीटा-ब्लॉकर गटातले औषध, उदाहरणार्थ प्रोप्रानोलॉल, चालू असेल तर पेच आणखी वाढतो. रक्तवाहिन्या सैलावणारा मार्ग बीटा-ब्लॉकरने बंद केलेला असतो आणि आवळणारा मार्ग मोकळा राहतो. अशा वेळी क्लोनिडिन थांबले तर दाब अधिकच उसळतो. दोन्ही बंद करायची झाल्यास डॉक्टर आधी बीटा-ब्लॉकर हळूहळू उतरवतात आणि त्यानंतर काही दिवसांनी क्लोनिडिनला हात लावतात. बीटा-ब्लॉकर एकट्यानेही एकदम सोडण्यासारखे नाहीत. ज्यांच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्यांना ते अचानक थांबल्यावर छातीत दुखणे आणि हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, म्हणून मात्रा एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. अर्धशिशीसाठी किंवा हाताच्या कंपासाठी प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांना आपण रक्तदाबाचे औषध घेत आहोत याची कल्पनाही नसते. स्नायूंच्या ताठरपणासाठी मोठ्या मात्रेत दिले जाणारे टिझानिडिन क्लोनिडिनच्याच कुळातले आहे, आणि तेही अचानक थांबल्यास दाब उसळतो.

काय सुरू झाले

दुसरी बाजू नव्याने आलेल्या औषधांची, आणि ती अधिक फसवी आहे, कारण त्यांतली कित्येक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली असतात आणि ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा उल्लेखच येत नाही.

वेदनाशामकांपासून सुरुवात करावी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गटातली औषधे मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. सरासरी वाढ काही मिलिमीटरचीच असते, परंतु सरासरी फसवी असते; मूत्रपिंडे अशक्त असलेल्या किंवा आधीच उपचार घेणाऱ्या माणसात ती बरीच मोठी होऊ शकते. शिवाय ही औषधे रक्तदाबाच्या रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांचा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा प्रभाव बोथट करतात. अ‍ॅम्लोडिपिनच्या गटावर त्यांचा परिणाम तुलनेने कमी पडतो. एक नेहमी दिसू शकणारा क्रम पाहावा: माणूस टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी घेतो आहे, सोमवारी दाढ दुखू लागते आणि डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा सुरू होते, बुधवारी नाक चोंदते म्हणून सर्दीची गोळी येते, शुक्रवारी यंत्र १८६/१०४ दाखवते. गोळी एकही चुकलेली नाही, मिठाचे प्रमाण तेच आहे, आणि तरीही दाब चढला आहे. इथे रक्तदाबाची तिसरी गोळी जोडण्याआधी आठवड्यात आलेल्या त्या दोन गोळ्यांचे काय करायचे ते ठरवायला हवे. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि डायक्लोफेनॅक या तीन औषधांचे एकत्र येणे मूत्रपिंडांनाही जड जाते, म्हणून अशा वेळी क्रिअ‍ॅटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

पॅरासिटामॉल यापेक्षा बरे समजले जाते, आणि कधीमधी घेण्यासाठी ते खरेच बरे आहे. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिनबर्ग येथील चाचणीत अतिरक्तदाब असलेल्यांना दररोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिले असता वरचा आकडा सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने वाढलेला दिसला. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्यांचा मुद्दा वेगळा आहे: अशा पॅरासिटामॉलच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकते, म्हणजे दिवसाला आठ गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात केवळ औषधातून ३ ग्रॅमहून अधिक सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसाची एकूण मर्यादा २ ग्रॅम आहे. जेवणातले मीठ मोजून मापून घालणाऱ्या माणसाने फसफसणारी गोळी मात्र बेधडक घ्यावी, ही विसंगती मला नेहमी खटकते.

सर्दीच्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन आणि फिनाइलएफ्रिन नाकाच्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि ते काम फक्त नाकापुरते मर्यादित ठेवत नाहीत. डोळ्याची बाहुली रुंदावण्यासाठी वापरले जाणारे फिनाइलएफ्रिनचे १० टक्के थेंबसुद्धा रक्तात उतरून दाब चढवू शकतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, अवयवरोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस, रक्तक्षयासाठीचे एरिथ्रोपोएटिन, एकाग्रतेच्या विकारासाठीचे मिथाइलफेनिडेट आणि कर्करोगावरील बेव्हासिझुमॅब किंवा सुनिटिनिब यांची नावेही या यादीत येतात. यांतली बरीच औषधे जीव वाचवणारी आहेत आणि दाब वाढला म्हणून ती आपल्या मनाने थांबवणे हा भलताच धोका ठरेल. त्यांच्यासाठी रक्तदाबाचा उपचार वाढवला जातो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास तर शरीर कोलमडू शकते. मूत्राशयाच्या अतिउत्तेजनेवर दिले जाणारे मिराबेग्रॉन १८०/११० च्या वरच्या अनियंत्रित दाबात देऊच नये अशी सूचना आहे.

नैराश्यावरील औषधांपैकी व्हेनलाफॅक्सिनची मात्रा जसजशी वाढते तसतसा दाब वाढण्याचा संभवही वाढतो. जुन्या पिढीतल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या औषधांची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९६३ च्या सुमारास ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होऊन दाब गगनाला भिडत असे, आणि कारण कळत नव्हते. नॉटिंगहॅममधील एका औषधतज्ज्ञाच्या पत्नीला हे औषध चालू होते. चीज खाल्ल्यावर तिला हा त्रास होतो, असे त्याने लंडनमधील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्राने कळवले. ही कल्पना आधी कोणी गंभीरपणे घेतली नाही, पण ती खरी निघाली. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामीन असते. एरवी आतड्यातले आणि यकृतातले मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ते मोडून टाकते, परंतु ते विकरच औषधाने बंद केलेले असल्याने टायरामीन थेट रक्तात जाते आणि साठवलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन एकदम मोकळे करते. लिनेझोलिड हे प्रतिजैविक याच विकराला सौम्यपणे रोखते, म्हणून ते चालू असताना स्यूडोएफेड्रिनची सर्दीची गोळी टाळावी.

वनौषधींना निरुपद्रवी मानण्याची सवयही तपासून पाहावी. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातले एक विकर अडवते, त्यामुळे शरीरातले कॉर्टिसॉल मीठ साठवणाऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते. दाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. खोकल्यासाठी एखाद्या दिवशी चघळलेल्या कांडीने हे होत नाही, परंतु रोज आठवडेच्या आठवडे घेतलेल्या काढ्याने किंवा गोळ्यांनी होऊ शकते.

काही औषधे स्वतः दाब वाढवत नाहीत, पण रक्तदाबाच्या गोळीला शरीरातून लवकर हाकलून लावतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे त्याचे ठळक उदाहरण. ते सुरू झाल्यावर यकृतातील विकरे वाढतात आणि निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिन यांची रक्तातली पातळी घसरते. गोळी नियमित चालू असूनही ती घेतलीच नसल्यासारखी स्थिती होते. रिफाम्पिसिन संपले की उलटा प्रवास होतो, म्हणून दरम्यान वाढवलेली मात्रा वेळेवर उतरवावी लागते.

डॉक्टरांकडे काय घेऊन जावे

तोंडी यादी पुरेशी नसते. घरातली सगळी पाकिटे, थेंब, फवारे, मलमे, चूर्णे आणि पूरके एका पिशवीत घालून न्यावीत आणि सोबत गेल्या महिन्याची एक साधी तारीखवारी असावी: कोणते औषध कधी सुरू झाले, कधी थांबले, कोणते डोस चुकले आणि प्रत्येक भडकलेला आकडा कोणत्या दिवशी, किती वाजता दिसला. चुकलेले डोस लपवू नयेत. ते लपवले, तर डॉक्टर औषध अपुरे पडले असे समजून मात्रा वाढवतात, आणि पुढे कधीतरी सगळ्या गोळ्या खरोखरच वेळेवर घेतल्या गेल्या की दाब नको इतका खाली येतो. मद्यपान अचानक थांबवले असल्यास किंवा कोकेनसारखे उत्तेजक घेतले असल्यास तेही सांगावे. उपचाराचे औषध त्यावरून बदलते.

तारीखवारीत कोणत्याही औषधाशी मेळ न बसणारे झटके दिसले, म्हणजे डोकेदुखी, धडधड आणि घाम यांच्यासह दाब अचानक चढून पुन्हा आपोआप उतरत असला, तर मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या विरळ गाठीचा विचार करावा लागतो. तिथेही औषधांचा हात असू शकतो: उलटीवर दिलेले मेटोक्लोप्रमाइड, स्टेरॉइड किंवा एकट्यानेच सुरू केलेले बीटा-ब्लॉकर अशा गाठीला चेतवू शकतात.

गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना १८०/१२० ही सीमा लागू नाही. त्यांच्यासाठी १६०/११० हाच आणीबाणीचा आकडा आहे. तो १५ मिनिटांनी पुन्हा मोजूनही टिकला तर लगेच रुग्णालयात जावे, आणि प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांतही हेच धरून चालावे. डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणे किंवा बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे असेल तर आकडा त्याहून कमी असला तरी थांबू नये. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टनचे गट गर्भारपणात वर्ज्य आहेत, म्हणून ते घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे.

सुटलेले औषध पुन्हा सुरू करतानाही एक काळजी घ्यावी लागते. एखादा डोस काही तासांपूर्वी चुकला असेल तर सहसा तो आठवताच घेता येतो, मात्र पुढच्या डोसची वेळ जवळ आली असल्यास चुकलेला सोडून द्यावा आणि दोन्ही एकत्र घेऊ नयेत. परंतु काही दिवसांचा खंड पडला असेल तर जुनी मात्रा तशीच सुरू न करता आधी विचारून घ्यावे. रक्तदाबाच्या प्राझोसिनसारख्या औषधाच्या पहिल्या डोसानंतर उभे राहताना दाब एकदम उतरून माणूस भोवळ येऊन पडू शकतो, आणि खंडानंतरचा डोस शरीराच्या दृष्टीने पुन्हा पहिलाच असतो. म्हणून तो लहान मात्रेत, रात्री झोपण्याच्या वेळी देऊन पुढे हळूहळू वाढवतात.